हिरवी पट्टी

ताईला खरी सासू नव्हती, पण कामावर चार सासवा होत्या, असं ती स्वतःच सांगायची. तपासणी विभागात चार यंत्रं होती आणि प्रत्येकीबरोबर माहेरून आल्यासारखा आपापला प्रोग्रॅम आलेला. एकीला तारीख आधी लागायची, दुसरीला महिना. तिसरी उठता-बसता पासवर्ड विचारायची आणि बरोबर दिला तरी संशयाने बघत राहायची. चौथीचं तर सगळंच वेगळं, तिच्या खाणाखुणा शिकण्यातच एक जुना तपासनीस निवृत्त झाला होता. ड्रम एकच, त्याचा नंबरही एकच, पण तो चारही ठिकाणी नव्याने टाइप करायचा. कुठे एक आकडा इकडचा तिकडे झाला की दिवस मावळेपर्यंत चौघींची भांडणं मिटवत बसायचं.

"तपासायला वेळ लागत नाही गं," घरी आल्यावर पाय पसरून ताई म्हणायची. "ह्या बायांची मर्जी राखण्यात दिवस जातो."

हे ऐकायला समोर बहुतेक वेळा धाकटी असायची. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती आणि ताई नुकती कामाला लागली होती. ताईने तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करताना नवऱ्याला आधीच बजावलं की माझ्याबरोबर हीसुद्धा येणार. भावोजींनी त्यावर हूं की चूं केलं नाही. पुढे धाकटी नोकरीला लागली, दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या खोलीत राहायला गेली, पण चहाला इथेच. तिचं काम होतं सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखण्याचं. कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, काय आधी दिसावं आणि काय मागे राहावं, हे ठरवण्याचं. भावोजी म्हणायचे, "म्हणजे बटणं लावतेस. शिंपीणच की."

ताईच्या कारखान्याने चारही यंत्रांसाठी मिळून एकच सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम धाकटीच्या कंपनीकडे आलं, तेव्हा ती मुख्यांच्या खोलीत जाऊन उभीच राहिली. हे मला द्या म्हणाली.

मुख्य म्हणाले, "तिथे तुझी बहीण आहे ना? घरचं माणूस असलं की काम अवघड होतं."

"उलट सोपं होतं," धाकटी म्हणाली आणि काम घेऊन आली.

कारखान्यात बॉयलरचे ड्रम व्हायचे. जाड पोलादी पत्रे वाकवून गोल करायचे आणि वेल्डिंगने सांधायचे. ड्रमच्या पोटात पुढे दाबाची वाफ कोंडायची असते. सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी कधी ना कधी ती जागी होते, आणि तेव्हा शेजारी जो उभा असेल त्याचं काही खरं नसतं. ती भेग आधीच हुडकून काढणं हे ताईचं काम. सांध्यावर जेल फासायचं आणि त्यावरून काडेपेटीएवढा प्रोब सावकाश फिरवायचा. प्रोब पोलादात ध्वनिलहरी सोडतो. आत भेग असली की लहर आपटून परत येते आणि स्क्रीनवर रेघ उसळते. दिसायला सोपं. पण प्रोब पत्र्यावर सारखा टेकलेला राहिला पाहिजे. जास्त दाबला तर घसरतो, सैल धरला तर उचलला जातो, आणि उचलला की तेवढ्यापुरता तो आंधळा.

धाकटीने तिथल्या शेडमध्ये एक स्टूल मांडलं आणि दिवसच्या दिवस बसून राहिली. कोण कधी हातमोजे काढतं, चष्मा कपाळावर कधी चढतो, छताच्या पत्र्यातून येणारं ऊन कुठल्या वेळी स्क्रीनवर पडतं, जेलने बरबटलेलं बोट लोक कशाला पुसतात, सगळं बघितलं. मग तिने सगळी बटणं मोठी केली, हातमोज्यासकट दाबता येतील अशी. ड्रमचा नंबर एकदाच टाकायचा, बाकी सगळीकडे तो आपसूक. चार यंत्रांचे निकाल एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक. कुठेही अडलं तरी एकच मोठं बटण: मागे जा.

पहिली परीक्षा ताईनेच घेतली. "हे बटण डावीकडे घे. उजव्या हातात प्रोब असतो, मी काय नाकाने दाबू?"

धाकटीने घेतलं.

"आणि हे 'कृपया प्रतीक्षा करा' काढ. इथे कोणी कोणाला कृपया म्हणत नाही. 'थांबा' लिही."

धाकटीने 'थांबा' लिहिलं. शेडमधली माणसं ताईच्या पाठीमागे उभी राहून बघत होती. तिथे सगळेच तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांच्या फिल्म वाचणारे एक गृहस्थ होते, कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे त्यांना घाम फुटायचा. त्यांनी कोणाला न विचारता पहिली नोंद केली आणि स्वतःशीच हसत परत आपल्या अंधारात गेले. चार सासवांना निरोप मिळाला. त्या आठवड्यात ताई एकदाही घरी येऊन कुरकुरली नाही, तेव्हा भावोजी म्हणाले, "घर कसं सुनंसुनं वाटतंय."

हिरव्या पट्टीची मागणी विभागाच्या साहेबांची. गिऱ्हाइकं विचारायची, सगळा सांधा तपासला कशावरून? जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रोब पुढे सरकला की मागचं पुसलं जायचं. आता सगळं एकाच ठिकाणी येत होतं. प्रोबला एक बारीक चाक बसवलं, म्हणजे तो सांध्यावर कुठे आहे हे कळायला लागलं. धाकटीने सांध्याची लांब पट्टी काढली. प्रोब नीट टेकला तिथे हिरवी, सुटला तिथे राखाडी. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं साधं. साहेबांना ती फार आवडली. धाकटीलाही आवडली होती, खोटं कशाला बोला.

सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या आल्या. ताईच्या पट्टीत राखाडी ठिपके होते.

"तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी घोळ आहे," ताई म्हणाली.

धाकटीलाही तेच वाटलं. तिने ऑफिसात जाऊन प्रोग्रॅमरच्या मागे लकडा लावला. त्याने सगळं उलटसुलट तपासलं. केबल बदलली, चाक बदललं, प्रोब दुसऱ्या यंत्राचा लावून बघितला. आपल्या कामात चूक सापडावी म्हणून इतक्या जिवाच्या आकांताने शोधणारी बाई त्या प्रोग्रॅमरने पहिल्यांदाच बघितली असेल. चूक सापडेना. ताईचा प्रोब दुसऱ्याच्या हाती दिला की पट्टी हिरवी, आणि दुसऱ्याचा ताईच्या हाती आला की ठिपके.

मग एका दुपारी धाकटी स्टूल ओढून ताईच्या अगदी शेजारी बसली. आजवर ती स्क्रीनकडे बघत आली होती. त्या दिवशी हाताकडे बघितलं. ताई प्रोब फिरवत होती तेव्हा काही दिसलं नाही. पण वळणाशी क्षणभर थांबून तिने हात नुसता टेकवला, आणि अंगठा हलत राहिला. कोणी आतून तार छेडावी तसा, बारीक. ताईने दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

"कधीपासून होतंय हे?" धाकटीने हळूच विचारलं.

"काय?"

"ताई."

"शेडमध्ये गारवा असतो," ताई म्हणाली आणि पुढचा सांधा पुसायला घेतला.

डॉक्टरांकडे जायला तिने कितीतरी दिवस लावले. शेवटी भावोजींनी धरूनच नेलं. डॉक्टर शांत माणूस होता. त्याने ताईला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली. लिहिता लिहिता अक्षरं बारीक होत गेली. मज्जातंतूंचा विकार आहे म्हणाला. हळूहळू वाढतो, जिवावर बेतत नाही, गोळ्यांनी पुष्कळ दिवस आटोक्यात राहतो. बरा होतो का, असं भावोजींनी विचारलं तेव्हा त्याने पुन्हा, आटोक्यात राहतो, एवढंच म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी भावोजी धाकटीच्या खोलीवर एकटेच आले. ते कधी एकटे यायचे नाहीत. खुर्चीच्या काठावर बसले, खिडकीची तारीफ केली, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "ते पट्टीचं काही सांभाळून घेता येतं का गं? तुझ्याच हातातलं आहे म्हणून विचारतो. हिला कळता कामा नये."

धाकटीने रिकामा पेला उचलला.

"ती काही चुकत नाही, तुला माहीत आहे. एवढी वर्षं काढली तिने. काम सुटलं तर ती घरात काय करेल, माझ्या डोळ्यांपुढे येत नाही."

"बघते," धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

प्रोग्रॅमरला विचारलं तर त्याने मानही वर केली नाही. "बारीक तुटकपणा भरून काढायचा ना? सोपं आहे. मागचं-पुढचं बघून मधलं जुळवून टाकायचं." त्याने तिथल्या तिथे करून दाखवलं. ताईचे ठिपके नाहीसे झाले; पट्टी धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ हिरवी.

तपासणी विभागात सरावासाठी एक पोलादाचा ठोकळा होता, त्यात मुद्दाम भेगा करून ठेवलेल्या, मोठ्या, मधल्या, बारीक. ताईने त्यावरून प्रोब फिरवला होता तेव्हाचं सगळं साठवलेलं होतं. धाकटीने ते नव्या पद्धतीने उघडलं. ठिपके गेले होते. सगळ्यात बारीक भेगही गेली होती. सॉफ्टवेअरने तिलाही तुटकपणा समजून मागचं-पुढचं बघून नीट जुळवून टाकलं होतं. धाकटीने जुळवणी थोडी कमी करून पाहिली. भेग आली, ठिपकेही आले. आणखी थोडी, आणखी थोडी. भेग आणि ठिपके एकमेकांचा हात धरून यायचे आणि हात धरून जायचे. दोघांच्या मधे बोट घालायला जागा नव्हती. असती तर धाकटीने काय केलं असतं, हा प्रश्न उरलाच नाही. तिने मशीन बंद केलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

भावोजींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं. तू प्रयत्न केलास."

पण ताईपर्यंत ते गेलंच. नवरा-बायको एका छपराखाली, किती दिवस लपणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीला शेडच्या मागच्या दाराशी गाठलं. ती चिडली होती, आणि चिडली की ती खालच्या आवाजात बोलायची.

"मला आंधळं करून नोकरीवर ठेवणार होतीस?"

"मी तसं काही केलं नाही."

"करून बघितलंस ना." मग म्हणाली, "तुला एक सांगू? प्रोब सुटला की मला कळतं. आधीपासून कळतं. मी मागे येते, पुन्हा फिरवते. माझ्या हातून एकही भेग निसटलेली नाही. तुझ्या पट्टीला फक्त पहिली खेप दिसते. तिला काय माहीत मी मागे येते ते?"

हे धाकटीच्या ध्यानात आलंच नव्हतं. तिला एकदम हायसं वाटलं. इतकं की तिथेच तिने ताईला मिठी मारली आणि ताई म्हणाली, सोड, जेल लागेल. ऑफिसात जाऊन तिने पट्टी बदलली. आता एका सांध्यावरच्या सगळ्या खेपा एकावर एक पडायच्या. दुसऱ्या खेपेत टेकलं की पहिल्या खेपेचा राखाडी ठिपका भरायचा. ह्यात कुठे लबाडी नव्हती. जे तपासलं तेच हिरवं. ताई दोनदा फिरवायची, कधी तीनदा, आणि पट्टी पूर्ण व्हायची. गोळ्याही लागू पडत होत्या. काही महिने बरे गेले. त्या महिन्यांत धाकटी इतकी आनंदात होती की मुख्यांनी विचारलं, लग्न-बिग्न ठरलं का.

पण खेपा वाढायला लागल्या. सरळ सांध्यावर तीन पुरायच्या, पण ड्रमला नळ्या जोडतात तिथल्या गोल वळणावर पाच झाल्या तरी एखादा ठिपका राहायचाच. ताई जेवायला उशिरा बसायला लागली, मग जेवण टाळायला लागली. धाकटीने एक तिकाटणं सुचवलं, प्रोब धरून ठेवणारं. साहेबांनी ते मागवलंसुद्धा. सरळ सांध्यावर ते छान चाललं. वळणावर ते बसेचना. वळणाला माणसाचाच हात लागतो.

आणि एकीकडे साहेबांच्या टेबलावर सगळ्यांचं काम दिसतच होतं. कोणत्या सांध्याला कोणाला किती वेळ लागला, किती खेपा लागल्या, सगळं ठळक, रंगीत, एका नजरेत. तेही धाकटीनेच आखलेलं. पूर्वी हे कळायला चार यंत्रांतले आकडे जुळवत बसावं लागलं असतं आणि ते कोणी केलं नसतं. ताईला कदाचित आणखी दोन वर्षं मिळाली असती. किंवा त्या दोन वर्षांत कुठल्या तरी वळणावर एखादी भेग निसटली असती. धाकटी दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दोन्हीकडे भिंतच लागायची.

साहेबांनी आधी धाकटीला बोलावलं. वाईट माणूस नव्हता. पेपरवेट फिरवत बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मलाही अंदाज होता. म्हटलं, आपण होऊन सांगतील." त्यांनी पेपरवेट थांबवलं. "त्यांचा तपासणीचा परवाना नव्याने करायची वेळ आली आहे. त्यात हाताची परीक्षा असते, बाहेरचा माणूस घेतो. माझं तिथे काही चालत नाही. त्यांना काढायचं नाही मला. शिकवायला ठेवतो. नवीन लोकांना हे सॉफ्टवेअर शिकवतील. पगार तोच. तुम्ही समजावा त्यांना."

समजवावं लागलं नाही. ताई ऐकून घेऊन म्हणाली, "बरं आहे. उभं राहून पाय दुखतातच हल्ली." तिला ऑफिसच्या बाजूला काचेची एक केबिन मिळाली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मोठी स्क्रीन. ताईने टेबल पुसलं, स्क्रीन लावून ठेवली, आणि शिकणाऱ्यांची वाट बघत बसली.

कोणी येईना. नवीन माणूस लागला की तो शेडमध्ये जायचा, स्क्रीनसमोर उभा राहायचा, मोठं बटण दाबायचा, आणि काम सुरू. चुकला तर मागे जायचा. अडलं तर स्क्रीनच सांगायची काय करायचं ते, साध्या भाषेत. पहिल्या दिवशीच सगळे सराईत होत होते. ताईने आपण होऊन एकाला बोलावलं, तर तो आदबीने बसला, दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, हे सगळं येतं मला. सोपंच आहे." प्रोब कसा धरायचा ते शिकवावं, तर त्याला हात लागतो. तोंडाने सांगितलेलं नवीन लोक ऐकून घेत, माना डोलवत आणि घाईत असत.

धाकटी भेटायला गेली तेव्हा ताई केबिनमध्ये हात मांडीखाली घेऊन बसली होती. स्क्रीनवर पट्टी उघडी होती, कोणाची तरी, सगळी हिरवी.

"थोडं अवघड ठेवायचं होतंस," ताई म्हणाली.

धाकटी हसली. ताईही हसली. मग धाकटी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली. काचेबाहेरून माणसं जात-येत होती, जाता जाता नमस्कार करत होती. ताई प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

वर्ष संपायच्या आत तिने स्वतःच काम सोडलं. साहेब तिला राहा म्हणाले, फिल्मवाले गृहस्थ तर रडले. ताई कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना भेटली. बसून पगार घ्यायचा तर घरी बसलेलं बरं, एवढंच तिचं म्हणणं. तेवढ्यात ते सॉफ्टवेअर आणखी सहा कारखान्यांनी घेतलं. मुख्यांनी सगळ्यांसमोर धाकटीचं कौतुक केलं. कुठल्याशा सभेत भाषण करायलाही ती जाऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकाने विचारलं की वापरणाऱ्याच्या मनातलं तुम्हाला इतकं अचूक कसं कळलं. त्यावर तिने जे उत्तर दिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

परवा ती ताईकडे गेली तेव्हा भावोजी बाजारात गेले होते. ताई गॅलरीत बसली होती. गोळी घेतली की थोडं बरं असतं, पुढची घ्यायच्या आधीचा तास वाईट. तो तास चालू होता. तरी तिने शेडमधलं सगळं विचारलं. धाकटीने सांगितलं की नवा मोठा ड्रम आला आहे, त्याच्या खालच्या नळीपाशी सगळ्यांच्या पट्टीत एकच जागा राखाडी राहते, कोणालाच प्रोब टेकवता येत नाही.

"कुठून जातात?" ताईने विचारलं.

"वरून."

"वरून नाही जमणार. खाली झोपायचं. पाठीवर. कोपर जमिनीला टेकवायचं आणि मनगट सैल सोडून नुसती बोटं..." तिने हात उचलून दाखवायला घेतलं. हात हवेत आला आणि तिथेच थरथरत राहिला, तिला हवी ती गोलाई काही त्याच्याकडून होईना. तिने दोनदा करून बघितलं.

"कळलं मला," धाकटी म्हणाली.

"नाही कळलं," ताई म्हणाली. रागाने नाही, आहे ते सांगावं तसं. "थांब जरा. गोळी घेतली की दाखवते."

धाकटीने गोळी काढून दिली, पेल्यात पाणी अर्धंच ओतलं. ताईने पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी काठापर्यंत चढत होतं आणि खाली जात होतं. आपण हात पुढे करावा की करू नये, हे धाकटीला ठरवता येईना. ती तशीच बघत बसली.